पानाआडचा बुलबुल



आमच्या वारणानगर भागात सध्या एक बातमी फिरते आहे. पंचायत समितीतल्या विस्तार अधिकारी साहेबांच्या डोक्यावर थोडा परिणाम झाला आहे, अशी ती बातमी. रविवारी सकाळी हे गृहस्थ गोठ्यात म्हशीच्या आडोशाला पाट टाकून बसतात. हातात धारेची चरवी नसते, वीतभर लांबीचे काळे नळकांडे असते. ते शेवग्याच्या झाडावर रोखून तास-दोन तास गप्प बसून राहतात. बातमी खरी आहे. ते गृहस्थ म्हणजे मीच.

तुम्ही म्हणाल, खते-बियाणे, ऊस-सोयाबीन सांगायचे सोडून हे पाखरांचे काय काढले? थोडे दमाने घ्या. तीस वर्षे मी तुमच्या बांधावर येऊन सल्ला देत आलो. पण आपल्याच परड्यात काय चालले आहे, हे मला या नळकांड्याने पन्नाशी उलटल्यावर दाखवले. त्यात माझी फजिती झाली, एक पाप हातून घडले आणि एक जुने पाप आठवले. ते सगळे सांगतो.

थोरला मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्याने स्वतःसाठी नवा कॅमेरा घेतला आणि जुना, लांबचे टिपणाऱ्या लेन्ससकट, दिवाळीत मला आणून दिला. म्हणाला, "बाबा, निवृत्तीला फार वर्षे राहिली नाहीत. काहीतरी छंद लावून घ्या, नाहीतर आईच्या मागे कटकट कराल." कॅमेरा गळ्यात अडकवून मी परड्यात गेलो, तेव्हा शेजारचे तात्या कुंपणापलीकडून म्हणाले, "काय सायेब, बंदूक घेतलासा काय?"

तात्यांचे फारसे चुकले नव्हते. लांबचे टिपणारी लेन्स दिसायला तशीच असते. हिला टेलिफोटो लेन्स म्हणतात. तिचे काम सोपे करून सांगतो. कॅमेऱ्यावरच्या साध्या भिंगाचा आकडा साधारण ५० मिलिमीटर धरा. माझ्या लेन्सचा आकडा ३०० मिलिमीटरपर्यंत जातो. म्हणजे त्याच कॅमेऱ्यावर, त्याच जागेवरून, पाखरू सहापट मोठे दिसते. शेवग्याच्या शेंड्यावरचा शिंजीर नुसत्या डोळ्याला काळ्या ठिपक्याएवढा दिसतो. लेन्समधून पाहिले की त्याच्या मानेवरची जांभळी-निळी झळाळी दिसते आणि चोचीचा बाक दिसतो. आपण जागचे हलायचे नाही, पाखराला त्रास द्यायचा नाही, आणि तरी जवळून बघायचे, एवढ्यासाठी ही लेन्स. हे मला पाठ होते, पण त्याचा अर्थ कळायला मला एक घरटे मोडावे लागले. ते पुढे सांगतो.

पहिले दोन महिने माझे फोटो म्हणजे नुसता गोंधळ होता. फांदी स्पष्ट आणि पाखरू धूसर, नाहीतर पाखरू उडून गेलेले आणि फांदी हलताना आलेली. सौभाग्यवतींनी एकदा पन्नास फोटो पाहून विचारले, "यात पक्षी कुठे आहे, की कोडे घातले आहे?" आमच्या कॉलेजच्या दिवसांत एका रोलात ३६ फोटो निघत. तो धुऊन येईपर्यंत आठवडा जाई. आता लगेच दिसते, म्हणून चूकही लगेच कळते. मला ज्या चुका कळल्या त्या सांगतो. कुणाच्या घरी मुलाबाळांनी कॅमेरा आणला असेल, तर उपयोगी पडतील.

एक, लांबची लेन्स पाखरू जसे सहापट करते, तसा हाताचा कंपही सहापट करते. म्हणून लेन्स टेकवावी. बाजारात त्यासाठी पिशव्या मिळतात. मी जुन्या विजारीच्या कापडाची पिशवी शिवून घेतली आणि तीत दोन किलो बाजरी भरली. गव्हाणीच्या कडेवर ती ठेवली आणि तिच्यावर लेन्स टेकवली की ती हलत नाही. दोन, फोटोचा वेळ फार थोडा ठेवावा लागतो. बसलेल्या पाखराला सेकंदाचा पाचशेवा भाग चालून जातो, पण उडत्याला हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी लागतो. तीन, नेम डोळ्यावर धरावा. शेपूट धूसर आली तर चालते, डोळा धूसर आला की पाखरू मेल्यासारखे दिसते. चार, सूर्य आपल्या पाठीशी हवा. सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चारनंतरचे ऊन मऊ असते. भर दुपारी गायबगळ्याचा फोटो काढाल, तर पांढऱ्या चादरीचा तुकडा आल्यासारखा येतो. आणि पाचवी गोष्ट सगळ्यांत अवघड. पाखराच्या मागे धावू नये. ते ज्या फांदीवर रोज येते, ती हेरून आपण आधीच बसावे. धार काढताना जशी म्हशीची वेळ पाळावी लागते, तशी पाखराची वेळ पाळावी लागते.

आता ती घरट्याची गोष्ट.

फाल्गुन-चैत्राचे दिवस होते. परड्याच्या कडेला आमचे कोयनेलाचे कुंपण आहे. त्यात लालबुड्या बुलबुलाच्या जोडीने घरटे केले. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, वाटीएवढे, काटक्या-मुळ्यांचे. आत तीन अंडी होती, गुलाबीसर, त्यांवर तांबडे-जांभळे शिंतोडे. पंधरवड्याने पिल्ले बाहेर आली. मला वाटले, दैवाने फोटो घरात आणून दिला. गोठ्यातून नेम धरला, तर पुढे पाने येत होती. मी दोन दिवस कड काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन घरट्यापुढच्या तीन-चार डहाळ्या सुतळीने बाजूला बांधल्या आणि एक तर चक्क कात्रीने छाटली. मग काय विचारता! मादी चोचीत किडा घेऊन आली, तिन्ही पिल्लांनी लाल तोंडे वासली, आणि मला हवा तसा फोटो मिळाला. दुपारी कार्यालयात सगळ्यांना दाखवला. वाहवा झाली. पुण्याला मुलाला पाठवला, त्याने चार जणांना दाखवला.

संध्याकाळी घरी आलो तर बुलबुलाची जोडी तारेवर बसून सारखी ओरडत होती. घरटे रिकामे होते. कुंपणाखाली एक पीस पडले होते. आई अंगणात बसली होती. तिने दुपारीच कावळ्याला बघितले होते, पण उठून येईपर्यंत काम झाले होते. मी पाने बाजूला करून माझ्या लेन्ससाठी जी खिडकी केली, तीच कावळ्याला दार झाली होती.

आई ऐंशीच्या पुढची आहे. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीचा पडदा कुणी असा वर करतं व्हय रे?"

त्या रात्री मला जेवण गेले नाही. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. चांगला आला आहे, पण मी तो कुणाला दाखवत नाही. लांबून बघायचे साधन हातात असून मी जवळ गेलो. लेन्स दिली होती ती अंतर राखायला, आणि मी अंतरच मोडले. कावळ्याला दोष कशाला द्यावा? त्यालाही पिल्ले असतात.

त्यानंतर मी नेम केला. घरट्याच्या जागी हात लावायचा नाही. पान आले तर येऊ दे, फोटो नाही मिळाला तर नाही. आणि बसायचे ते गोठ्यात. गोठ्याची युक्ती मला आपोआप सापडली. माणूस दिसला की पाखरू उडते, पण म्हशीला ते भीत नाही. उलट साळुंकी तिच्या पाठीवर बसते, गायबगळा तिच्या पायाशी फिरतो. म्हशीच्या पलीकडे बसून घोंगडे पांघरले की पाखरांच्या लेखी मी नसतोच.

पुढे वाचनात आले की ही युक्ती माझ्या आधी शंभर-सव्वाशे वर्षे दोघा भावांनी केली होती. इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातले रिचर्ड आणि चेरी कीअर्टन हे ते भाऊ. खेड्यात, शेतकरी घरात वाढलेले. १८९५ साली त्यांचे पक्ष्यांच्या घरट्यांवरचे पुस्तक निघाले. त्यातली चित्रे हाताने काढलेली नव्हती, खऱ्या घरट्यांचे फोटो होते. त्या काळी कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, लांबच्या लेन्सची आजच्यासारखी सोय नाही. मग जवळ जायचे कसे? त्यांनी १९०० च्या सुमारास बैलाच्या कातड्याचा एक पोकळ बैल केला. माणूस त्याच्या पोटात उभा राहायचा आणि भोकातून फोटो काढायचा. पाखरांना वाटे, बैल चरतो आहे. हे मी आईला वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे तुझ्यापरास येडी मान्सं हुती तर!" मला मात्र तेव्हापासून म्हशीच्या आडोशाला बसायची लाज वाटेनाशी झाली.

आता असे बसून काय दिसले, ते ऐका. इथून पुढे माझा शेतीखाता सुरू होतो.

गोठ्याच्या जुन्या भिंतीत एक फुटका पाइप आहे. बुलबुलाच्या प्रकरणानंतर महिनाभराने त्या भोकात दयाळाच्या जोडीने पिल्ले वाढवली. दयाळ म्हणजे तो काळा-पांढरा, शेपूट उभारणारा, पहाटे शीळ घालणारा. भोक खोल होते, आत मला काही दिसत नव्हते आणि बघायचेही नव्हते. पण नर-मादी दोघेही आत जाण्याआधी समोरच्या कढीपत्त्याच्या फांदीवर क्षणभर बसत. त्या फांदीवर नेम धरून बसलो. एका सकाळी एका तासात दोघांच्या मिळून चौदा खेपा झाल्या. चौदाही वेळा फोटो काढले आणि रात्री ते मोठे करून पाहिले. चोचीत कधी अळी, कधी नाकतोडा, कधी भुंगेरा, एकदा गांडूळ. धान्याचा दाणा एकदाही नाही.

मी नुसत्या डोळ्याने बघत होतो, तेव्हा मला 'पाखरू आले, पाखरू गेले' एवढेच दिसत होते. चोचीत काय आहे ते दिसत नव्हते. लेन्सने ते थांबवून दाखवले. आपल्या या वारणा खोऱ्यात आपण काय मोजत नाही? तात्यासाहेब कोऱ्यांनी माळावर सहकाराचे रोप लावले, त्याचा कारखाना झाला, दूधसंघ झाला, भांडार झाले, पोरांचा वाद्यवृंद झाला. आपण एकरी उसाचे टन मोजतो, साखरेचा उतारा मोजतो, दुधाची फॅट दशांशापर्यंत मोजतो आणि दशांश इकडचा तिकडे झाला तर भांडतो. पण परड्यातले पाखरू दिवसाकाठी किती किडी उचलते, ते आपण कधी मोजले नाही. मी कृषी पदवीधर असून मोजले नाही.

मग पावसाळा आला आणि सुगरणीचे प्रकरण उभे राहिले.

तात्यांच्या विहिरीवर एक बाभूळ कलली आहे. तिच्यावर दर पावसाळ्यात सुगरणीचे खोपे लोंबतात. विहिरीच्या शेजारी तात्यांचा भाताचा तुकडा आहे, पलीकडे सोयाबीन. श्रावणात एके दिवशी तात्या कोयता घेऊन निघाले आणि वाटेत मला म्हणाले, "सायेब, ह्या पाखरांवर काय औषध हाय का बगा. न्हाईतर फांदीच उतरवतो. भात पिकलं की थव्यानं पडत्यात."

मी म्हटले, "तात्या, मला आठ दिवस द्या. मग काय ते ठरवू."

सलग चार सकाळी मी विहिरीच्या अलीकडे, तात्यांच्या बैलगाडीच्या आड बसलो. तुम्हाला बहिणाबाई चौधरींची खोप्याची कविता शाळेत होती. सुगरणीचे कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या केले. पण लेन्समधून पाहिले तर खोपा विणणारा सारा पिवळ्या टोपीचा नर! गवताचे पाते चिरून आणायचे, चोचीने गाठ मारायची, उलटे लोंबकळून विणायचे, हे सगळे तोच करतो. डॉ. सालिम अली यांनी अलिबागजवळच्या किहीमला १९३० च्या पावसाळ्यात हेच बारकाईने पाहिले आणि १९३१ साली त्यावर लिहिले. नर खोपा अर्धा विणतो, मग मादी येऊन तपासणी करते. तिला पसंत पडला तर तो पुरा करतो आणि ती आत अंडी घालते. मग हा गडी शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. मी हे घरी सांगितले तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "घर बांधतो गडी आणि नाव बाईचे. एवढे एक तरी आमच्या वाट्याला आले म्हणायचे."

पण तात्यांच्या कामाची गोष्ट दुसरीच होती. पिल्लांना भरवायला मादी येत होती, तिच्या चोचीत काय आहे ते मी फोटोत धरले. सात-आठ फोटो चांगले आले. एकात हिरवा नाकतोडा, पाय बाहेर लोंबलेले. दोन-तीनांत हिरवी अळी, सोयाबीनवर असते तसली. मी ते पडद्यावर मोठे करून तात्यांना दाखवले. तात्यांनी चष्मा पुसला आणि जवळ जाऊन बघितले.

"आत्ता! ही तर आळी हाय."

"होय तात्या."

"दाणं खाणारं पाखरू आळ्या कशाला नेतंय?"

"पिल्लांसाठी. मोठे पाखरू दाणे खाते, पण पिल्लू कोवळे असते. ते वाढवायला त्याला किडा लागतो, जसे आपल्या लेकराला दूध."

तात्या बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आनि भात पिकल्यावर?"

वाचकहो, इथे मी खोटे बोललो असतो तर गोष्ट छान झाली असती. पण तात्यांचा प्रश्न रास्त होता. भात दाण्यावर आले की सुगरण, मुनिया भात खातात, हे खरेच आहे. मी म्हटले, "तेव्हा खाणार. ते आठ-पंधरा दिवस राखण करा, चमकत्या फिती ओढा, डबा वाजवा. पण त्याआधी दोन-अडीच महिने त्यांनी तुमच्या सोयाबीनवर राखण केली, त्याचीही मजुरी धरा." तात्यांनी कोयता कोपऱ्यात ठेवला. "बरं. औंदा ऱ्हाऊ दे फांदी. पुढच्या साली पुढचं बगू," म्हणाले. त्यांचे मत बदलले असे मी म्हणणार नाही. एक वर्ष मिळाले, तेही थोडके नाही.

त्या रात्री मला एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

नोकरीची सुरुवातीची वर्षे. उसात हुमणी फार झाली होती. एका शेतकऱ्याला मी दाणेदार औषध सुचवले, फोरेट. तेव्हा ते सर्रास वापरत, पुस्तकातही तेच होते. त्याने टाकले आणि पाणी दिले. पाण्याबरोबर किडे-गांडुळे वर आली आणि ती वेचायला नेहमीसारखे गायबगळे उतरले. दुसऱ्या दिवशी तो मला मुद्दाम बोलावून घेऊन गेला. बांधाच्या कडेने सात बगळे मरून पडले होते. त्याने विचारले, "साहेब, हे असं चालतंय का?" मी म्हटले, "औषध आहे, थोडे असे व्हायचेच. हुमणी मेली की नाही ते बघ." आणि मी फटफटी सुरू करून पुढच्या गावाला गेलो.

मी त्या बगळ्यांकडे नीट बघितलेसुद्धा नाही. बघितले असते, तर एवढे तरी सुचले असते की हुमणी खाणाऱ्यालाच आपण मारले. उन्हाळ्यात खोल नांगरट केली की नांगरामागून चालत हुमणीच्या अळ्या वेचणारे हेच बगळे, ह्याच साळुंक्या, हेच कावळे. फोरेटवर पुढे देशभर बंदी आली. २०१८ साली आदेश निघाला आणि ३१ डिसेंबर २०२० पासून ते बंद झाले. सरकारने बंद केले म्हणून मी सुटलो असे होत नाही. विचारणारा शेतकरी होता आणि उत्तर देणारा मी होतो. तो माणूस आज हयात नाही, म्हणून त्याचे उत्तर तुम्हाला देतो आहे: नाही, असे चालत नाही.

याचा अर्थ औषधच मारू नका, असा नाही. गरज पडली तर मारा, पण आधी बघा, मोजा, मग मारा. न बघता केलेल्या कामाची शिक्षा मोठी असते. चीनमध्ये १९५८ साली सरकारने चिमण्यांविरुद्ध मोहीम काढली. दाणे खातात म्हणून थाळ्या बडवून, हाकलून हाकलून चिमण्या मारल्या. मग किडींना मोकळे रान मिळाले आणि पिकांचा नाश वाढला. १९६० साली चिमणीचे नाव यादीतून काढून तिथे ढेकणाचे नाव घालावे लागले. आपल्या परड्यातली ही लहान पाखरे तेवढ्या मोठ्या देशाला भारी पडली.

आता तुम्ही काय करावे? कॅमेरा घ्या, असे मी सांगणार नाही. त्याला पैसे लागतात आणि ते खताला लागतात. पण पुढच्या गोष्टींना फारसा खर्च नाही.

हरभऱ्यात, सोयाबीनमध्ये पक्षी थांबे लावा. इंग्रजी टी अक्षरासारख्या काठ्या, एकरी वीस, पिकाच्या वर फूटभर डोकावतील अशा. कोतवाल, वेडा राघू, साळुंकी त्यांवर बसून अळ्या आणि पतंग टिपतात. हरभरा पेरताना मूठभर ज्वारी मिसळली, तर तिची ताटे वर येतात आणि तेच जिवंत थांबे होतात. दाणा भरू लागला की थांबे काढून घ्या. हुमणीसाठी उन्हाळी नांगरट दिवसा करा, म्हणजे पाखरे मागे येतील. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर भुंगेरे जमतात, ते झाडून रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. जमिनीत मेटारायझियम बुरशी वापरा. उसाचे पाचट पेटवू नका. त्यात वटवट्या, मुनियांची घरटी असतात आणि जमिनीचे खतही असते. परड्यात एक पसरट भांडे पाण्याने भरून ठेवा आणि ते रोज धुवा.

पोरांच्या हातात आता मोबाईल आहे. त्यांना एवढे बजावा की मोबाईलने पाखराचा चांगला फोटो मिळत नाही, कारण जवळ जावे लागते, आणि जवळ गेले की पाखरू जाते, कधी घरटेही जाते. मोबाईलवर पाखराचा आवाज लावून त्याला बोलवायचे नाही. त्याला वाटते, दुसरा नर आपल्या हद्दीत आला, आणि ते पिल्ले सोडून भांडायला धावते. रात्री पिंगळ्याच्या डोळ्यांवर झोत मारायचा नाही. घरट्याची फांदी छाटायची नाही. अंडी-घरटी काढणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाही आहे. आपल्या राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ तारीख सालिम अलींचा. त्या आठवड्यात शाळेतल्या मुलांना एवढेच सांगा की परड्यात तासभर गप्प बसा आणि पाखरू चोचीतून काय नेते ते वहीत लिहा. आमच्या वयाचे होईपर्यंत थांबू नका.

यंदा पुन्हा चैत्रात बुलबुलाची जोडी आमच्या कुंपणात आली. तीच होती का, सांगता येत नाही. या वेळी घरटे दाट पाल्यात होते. मी गोठ्यातून, म्हशीच्या आडोशाने, दोन आठवडे नेम धरला. डहाळीला बोट लावले नाही. शेवटी एक फोटो मिळाला, पण त्यात कोयनेलाचे एक पान मधोमध आले आहे. बुलबुलाचा एक डोळा, अर्धी चोच आणि पानाखालून वर आलेले पिल्लाचे एक वासलेले तोंड, एवढेच दिसते. फोटोच्या दृष्टीने तो पास होणार नाही.

दोन पिल्ले उडून गेली. मी तोच फोटो मोठा करून ओसरीवर लावला आहे. येणारे-जाणारे विचारतात, "साहेब, मधे पान आलंय की!" आई परस्पर उत्तर देते, "असू दे. पडदा हाय त्यो."